काउंटर बंद आहे

मेकॉलेला शिव्या देणं हा आपल्याकडे विद्वत्तेचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. सभा कसलीही असो, शिक्षणाची, संस्कृतीची, नाहीतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची; वक्ता पंधराव्या मिनिटाला मेकॉलेवर येतो, "त्याने या देशात नुसते कारकून तयार केले हो!" असं कळवळून म्हणतो आणि समोरचं तांब्याभांडं उचलतो. श्रोत्यांत बसलेली आम्ही कारकून मंडळी टाळ्या वाजवतो. वक्त्याच्या मानधनाचा चेक दुसऱ्या दिवशी आमच्याच खिडकीवर येणार असतो, त्यामुळे आम्ही राग धरत नाही.

मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो त्याला वीस वर्षं उलटून गेली. अलीकडे आमच्या हुद्द्याचं 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं बारसं झालं आहे. पण नाव सोनुबाई असलं तरी हाती कथलाचा वाळा तो कथलाचाच. तेव्हा लोकमताप्रमाणे मेकॉले हा आमच्या घराण्याचा मूळ पुरुष. देव्हाऱ्यात त्याचा टाक बसवला नाही, एवढंच. अशा या मूळ पुरुषाने एकदा पुस्तकांच्या चोरीवर भाषण केलं होतं असं मला कळलं, तेव्हा मी ते हेड ऑफिसच्या सर्क्युलरपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं. म्हणजे शेवटपर्यंत वाचलं. आणि वाचल्यावर असं वाटलं, की रात्री साडेअकरा वाजता आपल्या फोनवर 'टिंग' करून जी पीडीएफ येऊन पडते, तिची जन्मपत्रिका या गृहस्थाने १८४१ सालीच मांडून ठेवली होती.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या मोजक्याच आहेत आणि परीक्षा नाही.

कॉपीराइट म्हणजे काय, हे बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती एक मुदत ठेव आहे. लेखकाने पुस्तक लिहिलं की ठराविक मुदतीपर्यंत त्याचं व्याज फक्त लेखकाला किंवा त्याने ज्याला हक्क विकले त्याला. मुदत संपली की ठेव समाजाच्या नावावर. मग कुणीही छापा, कुणीही वाचा. भांडण आहे ते मुदतीचं. इंग्लंडात १७१० सालच्या कायद्याने ही मुदत चौदा वर्षं ठरवली आणि लेखक तोपर्यंत जिवंत राहिलाच तर आणखी चौदा. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांचं म्हणणं असं, की कायदा काहीही म्हणो, आमचा हक्क यावच्चंद्रदिवाकरौ. पण एडिंबरोच्या डोनाल्डसन नावाच्या विक्रेत्याने मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून थेट लंडनमध्ये दुकान थाटलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १७७४ साली निकाल लागला: चंद्रसूर्य राहतील, पण हक्क मुदतीपुरताच.

पुढे मुदत वाढत वाढत अठ्ठावीस वर्षं किंवा लेखकाची हयात, यांतलं जे जास्त असेल ते, इथवर आली. तेवढ्यात टॅलफर्ड नावाचे वकील-खासदार उभे राहिले. माणूस सज्जन. डिकन्सने 'पिकविक पेपर्स' अर्पण केलं ते यांनाच. त्यांनी विधेयक आणलं, की लेखक वारल्यानंतरही साठ वर्षं हक्क चालू राहावा. साहित्यिकांनी माना डोलावल्या. आणि ५ फेब्रुवारी १८४१ रोजी मेकॉले या विधेयकाच्या विरोधात बोलायला उभा राहिला. हिंदुस्थानातली नोकरी आटोपून तो १८३८ साली परत गेला होता. कारकून तयार करून झाले होते. आता हात रिकामे होते.

मेकॉले लेखकांचा वैरी नव्हता. स्वतःच मोठा लेखक होता. त्याचं म्हणणं साधं होतं. लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत, नाहीतर बिचारा लिहील कशाला? त्यासाठी पुस्तक महाग होतं, ते वाचकाने सोसावं; तो एक प्रकारचा कर आहे, आणि चांगल्या कामासाठी कर द्यायला हरकत नाही. पण लेखक जाऊन साठ वर्षं झाल्यावर हा कर कुणाच्या खिशात जातो? त्याने मिल्टनचं उदाहरण काढलं. 'पॅराडाइज लॉस्ट'साठी १६६७ साली मिल्टनला पाच पौंड मिळाले, पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच. पुढे १६८० साली त्याच्या विधवा पत्नीने उरलासुरला हक्क आठ पौंडांत सोडून दिला. एकूण जमा अठरा पौंड. पुढे पिढ्यान् पिढ्या त्या काव्यावर एका पुस्तकविक्रेत्याच्या घराण्याने गबर व्हावं, आणि मिल्टनची नात इतकी दरिद्री की १७५० साली तिच्यासाठी लंडनमध्ये मदतीचा नाट्यप्रयोग लावावा लागला! नॉमिनीचा फॉर्म वेळेवर न भरल्यास काय होतं, याचं इतकं हृदयद्रावक उदाहरण आमच्या ट्रेनिंग कॉलेजातसुद्धा देत नाहीत.

पण मेकॉलेची खरी भीती निराळीच होती. वारसाने पुस्तक महाग विकलं तर निदान मिळेल तरी. छापलंच नाही तर? रिचर्डसन हा अठराव्या शतकातला गाजलेला कादंबरीकार. त्याचा नातू धर्मोपदेशक झाला आणि त्याला कादंबऱ्यांचा असा तिटकारा, की आजोबांची एकही कादंबरी त्याने वाचली नव्हती. हक्क त्याच्या हाती असते तर? बॉझवेलने लिहिलेलं डॉ. जॉन्सनचं चरित्र हा इंग्रजी भाषेचा दागिना. पण खुद्द बॉझवेलच्या थोरल्या मुलाला ते पुस्तक म्हणजे घराण्याला लागलेला डाग वाटे. हक्क या चिरंजीवांकडे राहिले असते तर दागिना तिजोरीत आणि किल्ली विहिरीत!

आणि इथे मेकॉलेने ते भाकीत केलं. आजवर, तो म्हणाला, चोरून पुस्तकं छापणाऱ्याला समाजात कुणी जवळ करत नाही. चार सभ्य माणसं त्याच्याकडे पाठ फिरवतात, म्हणून कायदा चालतो. पण लोकांना हवी असलेली पुस्तकं तुम्ही साठ-साठ वर्षं कोंडून ठेवू लागलात तर लोकांची सहानुभूती चोराकडे जाईल. भलीभली माणसं त्या धंद्यात उतरतील, भलीभली माणसं गिऱ्हाईक होतील, अख्खा देश कटात सामील होईल. आणि एकदा का लोकांना चोरीच्या पुस्तकाची सवय लागली, की मेलेल्या लेखकाचं कुठलं नि जिवंत लेखकाचं कुठलं, एवढा विवेक करत कुणी बसणार नाही. मेलेल्यांच्या वारसांसाठी केलेल्या कायद्याने जिवंत लेखक उपाशी मरेल.

मतदान झालं. विधेयक अडतीस विरुद्ध पंचेचाळीस मतांनी पडलं. पुढच्या वर्षी, १८४२ साली, तडजोड झाली: प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं किंवा मृत्यूनंतर सात वर्षं, जे जास्त ते.

दैव कसं बघा. १८४८ च्या अखेरीस खुद्द मेकॉलेचा 'इंग्लंडचा इतिहास' प्रसिद्ध होऊ लागला आणि अमेरिकेत त्याच्या स्वस्त आवृत्त्या हजारोंनी खपल्या. त्या काळच्या अमेरिकेच्या कायद्यात परदेशी लेखकाला संरक्षणच नव्हतं. लंडनचं पुस्तक महाग, ते जहाजाने येणार, केव्हा येणार ते वाऱ्यावर. इकडे वाचक तर खोळंबलेला. मग तिथले छापखानेवाले करत काय, की बंदरात जहाज लागलं की पहिली प्रत पळवायची, रातोरात खिळे जुळवायचे आणि काही सेंटांत पुस्तक बाजारात! डिकन्स १८४२ साली अमेरिकेला गेला, तेव्हा त्याच्या स्वागताला ही गर्दी. त्या गर्दीपुढे तो म्हणाला, बाबांनो, प्रेम आहे तसं थोडे पैसेही द्या. झालं! वर्तमानपत्रांनी त्याला पैशाचा लोभी ठरवलं. ज्यांनी पुस्तक फुकट छापलं तेच हे म्हणत होते, हे सांगायला नकोच.

डिकन्सची चोरी मायदेशीही झाली. 'ए ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरात पाच शिलिंगांना निघालं आणि पुढच्या महिन्यात लंडनमध्येच त्याची स्वस्त नक्कल विक्रीला आली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला. पण नक्कल करणाऱ्यांनी लगेच दिवाळं काढलं आणि कोर्टखर्चाचे सुमारे सातशे पौंड जिंकलेल्या डिकन्सच्याच अंगावर पडले. डिक्री हातात आणि वसुली शून्य! आमच्या वसुली विभागात हा किस्सा मी सांगितला, तेव्हा तिथले सिनिअर अधिकारी एवढंच म्हणाले, "त्यात नवीन काय?"

अमेरिकेने परदेशी लेखकांना कायद्याची दारं उघडली ती १८९१ साली. तीही पुस्तकाचे खिळे अमेरिकेतच जुळवण्याच्या अटीवर. व्यापारी माणसाची सज्जनताही सशर्त असते.

आता कुणी म्हणेल, ही सगळी खिळे जुळवण्याच्या काळातली रडगाणी; आज बटण दाबलं की पुस्तक हजर. मलाही तसंच वाटायचं. पण बँकेत काम करणाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने कळते. 'लिंक नाही' असा कागद काचेवर चिकटवला म्हणून लोकांची पैशाची गरज संपत नाही. लोक तावातावाने बोलतात आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून हातउसने घेतात. बँक कर्ज देत नाही तिथे सावकार उगवतो. काउंटर बंद करण्याचा अधिकार आमचा असेल. गिऱ्हाइकाने घरी जाऊन स्वस्थ झोपावं हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही.

हॅरी पॉटरचंच घ्या. सगळं जग वाचतंय, पण लेखिकाबाईंनी अनेक वर्षं ई-बुक काढू दिलं नाही. परिणाम असा, की २००५ साली सहावा भाग आला तेव्हा चाहत्यांनी आपापसांत पानं वाटून घेऊन ती स्कॅन केली आणि स्वतःच ई-बुक बनवलं. २००७ साली सातव्या भागाच्या पानांचे फोटो तर प्रकाशनाच्या आधीच इंटरनेटवर फिरले. आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी पकडलं. गुन्हा काय? तर फ्रेंच भाषांतर यायला ऑक्टोबर उजाडणार होता, तेवढा धीर नव्हता, म्हणून या पठ्ठ्याने सुट्टीत सातशे पानांच्या त्या ठोकळ्याचं स्वतः भाषांतर करून इंटरनेटवर ठेवलं होतं! आमच्या चिरंजीवांना सुट्टीत पानभर शुद्धलेखन लिहायला सांगितलं तर ते आजीकडे अपील करतात. असल्या मुलाला तुरुंगात घालावं की मांडीवर घ्यावं, हा प्रश्न बहुधा प्रकाशकांनाही पडला असावा. त्याच्याकडून भरपाई मागितली गेली नाही.

अखेर मार्च २०१२ मध्ये बाईंनी स्वतःचं ई-बुकांचं दुकान उघडलं, आणि पुस्तकांना कुलूप घातलं नाही. विकत घेणाऱ्याची खूण तेवढी आत उमटवली. हार्पर ली बाईंच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चं ई-बुक यायला २०१४ साल उजाडलं, सॅलिंजरच्या 'कॅचर इन द राय'चं २०१९. तोवर ज्याला फोनवर वाचायचं होतं त्याने काय करायचं होतं? पैसे हातात घेऊन उभं राहायचं. काउंटर बंद.

बरं, ज्यांनी रीतसर पैसे भरले त्यांचं तरी भलं झालं का? २००९ च्या जुलैत अमेरिकेत ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे नंतर लक्षात आलं होतं. पैसे परत केले, माफीही मागितली. पण कल्पना करा: आम्ही रात्री तुमच्या घरी यावं, कपाटातून नोटा काढून घ्याव्यात आणि उशाशी चिठ्ठी ठेवावी की रक्कम खात्यात जमा केली आहे, झोपा! त्यातून सरकार सगळ्यांवर नजर ठेवतं त्या कादंबरीवरच हा प्रसंग यावा, याला काव्यगत न्याय म्हणतात.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहत. रवींद्रनाथ १९४१ साली वारले. त्यांची पन्नास वर्षं संपत आली तशी धावपळ झाली आणि १९९२ साली कायदा बदलून सर्वांचीच साठ वर्षं झाली. टॅलफर्डसाहेबांचे साठ! इंग्लंडात पडलेलं विधेयक दीडशे वर्षांनी दिल्लीत पास झालं. मेकॉलेच्या कारकुनांनी त्याचं सगळंच ऐकलं असा जो आरोप होतो, तो इथे तरी खोटा ठरतो.

साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबाने त्यांचे हक्क २००० साली संपले असते, नव्या हिशेबाने ते २०१० च्या अखेरीस संपले. आणि त्यानंतर 'श्यामची आई' किती प्रकाशकांनी काढली बघा! स्टेशनवर, प्रदर्शनात, रद्दीवाल्याशेजारच्या स्टॉलवर, वडापावपेक्षा थोड्या जास्त पैशांत, श्यामची आई हजर. ती कुणी चोरून वाचत नाही, कारण चोरायची गरजच उरली नाही.

अडचण आहे ती मधल्या पिढीची. फार जुनी पुस्तकं मिळतात, कारण ती सगळ्यांची झाली. अगदी नवी मिळतात, कारण ती दुकानात आहेत. मधली मात्र ना धड घरची ना घाटची. पॉल हील्ड नावाच्या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकांनी ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नव्या प्रतींतून चिठ्ठी काढावी तशी पुस्तकं निवडून पाहिली. त्यांचं अनुमान २०१३ साली बाहेर आलं: १९८० च्या दशकातल्या पुस्तकांपेक्षा १८८० च्या दशकातली जास्त मिळतात! पणजोबा हजर, काका बेपत्ता.

आपल्या कायद्यात यावर औषध नाही असं नाही. एकतिसावं कलम म्हणतं, मालक पुस्तक पुन्हा छापायला नकार देऊन ते लोकांपासून अडवून ठेवत असेल तर दाद मागता येते, सक्तीचा परवाना मिळू शकतो. पण दीडशे रुपयांच्या कादंबरीसाठी वकील लावणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. वकिलाची पहिली तारीखच कादंबरीच्या पाच आवृत्त्यांच्या किमतीला पडायची.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब जुळायचा नाही. फुकट ते पौष्टिक मानणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. माझ्या माहितीतले एक सद्गृहस्थ महिन्याला दोन हजार रुपये हॉटेलात उडवतात आणि कालपरवा आलेलं, प्रत्येक दुकानात मिळणारं, अडीचशे रुपयांचं पुस्तक ग्रुपवर टाकून खाली लिहितात, 'वाचनसंस्कृती जगवू या.' त्या पुस्तकाची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघालेली असते. लेखक कुठेतरी मास्तर असतो, नाहीतर आमच्यासारखा कुणाच्यातरी काउंटरमागे बसलेला. त्याच्या रॉयल्टीत बायकोची एक साडी येण्याची शक्यता असते. ती साडी या सद्गृहस्थांनी वाचनसंस्कृतीसाठी जगाला वाटून टाकलेली असते. इथे काउंटर उघडा होता. तरी हे भिंतीवरून उडी मारून आत आले. यांना मी मेकॉलेच्या भाषणात लपू देणार नाही.

पण मेकॉलेने सांगितलं होतं ते हेच. न मिळणाऱ्या पुस्तकाने पहिली सवय लावली, मिळणाऱ्या पुस्तकाने तिची किंमत मोजली. दुर्मिळ म्हणून आलेली पीडीएफ आणि कालची ताजी पीडीएफ एकाच ग्रुपवर, एकाच 'सुप्रभात'च्या खाली, शेजारी शेजारी पडलेल्या असतात. अंगठ्याला दोन्हींत फरक कळत नाही.

आमच्या शाखेतले निवृत्त अकाउंटंट परवा पेन्शनसाठी आले होते. नोकरीत असताना दोन पैशांचा फरक सापडावा म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेला हा माणूस. कॉलेजात वाचलेली एक मराठी कादंबरी ते सहा वर्षं शोधत होते. लेखक वारलेले, प्रकाशन बंद पडलेलं, वारस परदेशात, रद्दीवाले नुसते मान हलवतात, ग्रंथालयातली प्रत बाइंडिंगला गेली ती गेलीच. शेवटी कुणीतरी त्यांना ती फोनवर पाठवली. काही पानं तिरकी, मधेच कुणाचा तरी अंगठा आलेला, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. पण पूर्ण. त्यांनी ती दोन रात्रींत वाचली.

मग ते माझ्या काउंटरशी आले, खिशातून पासबुक काढलं आणि हळूच म्हणाले, "मी दोनशे रुपये काढून ठेवलेत. कुठे भरू?"

मी वीस वर्षं लोकांचे पैसे भरून घेतोय. चेक, रोख, एनईएफटी, युपीआय, सगळे मार्ग मला तोंडपाठ आहेत. रोख रक्कम मोठी असेल तर पॅनकार्ड मागायचं, हेही मी झोपेत सांगेन. पण कुठल्याही मार्गाने पैसे पाठवायचे तर समोर कुणाचं तरी खातं लागतं.

"साहेब," मी म्हटलं, "स्लिप तुम्ही भरालच. नाव कुणाचं घालायचं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी ते दोनशे रुपये पुन्हा खिशात ठेवले, पण पाकिटात नाही. शर्टाच्या वरच्या खिशात, वेगळे. हिशेब अजून मिटलेला नाही, अशी त्यांची खूण असते ती.